माल घ्यायचा कोणाकडून?

२०२० सालच्या मार्च महिन्यात डॉक्टर आणि परिचारिकांनी अंगभर घालायच्या संरक्षक पोशाखांची आपल्या देशात एकाएकी टंचाई झाली. कापड विणणाऱ्या गिरण्या होत्या, शिवणयंत्रे होती, शिवणारे कुशल हातही होते. तरी पोशाख हवे तितके तयार होईनात. कारण शिवण म्हणजे शेवटी सुईने पाडलेली भोकांची रांग. त्या भोकांतून रक्ताचे थेंब आत झिरपले, तर पोशाखाचा उपयोग काय? म्हणून शिवणीवर एक पातळ प्लास्टिकची पट्टी गरम हवेने चिकटवावी लागते. तुटवडा होता तो या पट्टीचा आणि ती चिकटवणाऱ्या यंत्रांचा. बोटभर रुंदीच्या पट्टीपायी सगळे अडून बसले.

पुढचे दोन महिने कापड गिरण्या, तयार कपड्यांचे कारखाने, यंत्रे बनवणारे आणि सरकारी प्रयोगशाळा यांनी मिळून जे काम केले, ते कौतुकास्पद होते. मे महिन्याच्या मध्यापर्यंत देशात रोज सुमारे साडेचार लाख पोशाख तयार होऊ लागले. प्रत्येक उत्पादकाचा नमुना कोइमतूरच्या सिट्रा या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळांत तपासला जाई. कापडावर आणि शिवणीवर कृत्रिम रक्त दाबाखाली सोडायचे आणि ते पलीकडे येते का ते पाहायचे, अशी ही चाचणी. नमुना उत्तीर्ण झाला तर त्याला एक सांकेतिक क्रमांक मिळे.

पण ही चाचणी एकाच प्रश्नाचे उत्तर देते: माल चांगला आहे का? कारखानदाराला माल विकत घेताना आणखीही प्रश्न पडतात. भाव काय? वेळेवर मिळेल का? हा पुरवठादार उद्या टिकेल का? आणि अलीकडे त्यात भर पडली आहे ती अशा प्रश्नांची: हा माल करताना नदीत काय सोडले गेले, हवेत काय गेले, आणि ज्यांनी तो केला त्यांचे काय झाले? महासाथीच्या काळात हे शेवटचे प्रश्न बाजूला पडतील, असे आम्हांला वाटले होते आणि बऱ्याच ठिकाणी ते पडलेही. पण काही ठिकाणी नेमके उलटे घडले. ते का, आणि अशा निवडीमागे कोणते गणित असते, हे या लेखात पाहू या. गणित शाळेतल्या भारित सरासरीपासूनच सुरू होते.

१९६६ साली डिक्सन नावाच्या अभ्यासकाने अमेरिका आणि कॅनडातील कारखान्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांना विचारून एक यादी केली. पुरवठादार निवडताना तुम्ही काय काय पाहता आणि कोणत्या गोष्टीला किती महत्त्व देता? त्यातून २३ निकष निघाले. पहिला क्रमांक दर्जाचा, दुसरा वेळेवर पोहोचवण्याचा, तिसरा पूर्वीच्या कामगिरीचा. किंमत चक्क सहावी होती. (खरेदी खात्यात वावरलेल्या कोणालाही यावर हसू येईल. विचारले की दर्जा पहिला, आणि निविदा उघडल्या की किंमत पहिली.) आमच्या दृष्टीने या यादीचा खालचा भाग अधिक बोलका आहे. पुरवठादाराचे आपल्या कामगारांशी संबंध कसे आहेत, हा निकष एकोणिसावा होता. त्याचा कारखाना कोठे आहे, हा विसावा. पर्यावरण तर यादीत नव्हतेच. २३ जानेवारी २०२० रोजी चीनने वूहान शहराची दारे बंद केली, आणि विसावा निकष एका दिवसात पहिल्या रांगेत आला. एकोणिसावा निकष यायला आणखी काही महिने लागले. ती गोष्ट पुढे येईल.

येथे एका शब्दाविषयी थोडेसे. इंग्रजीत ज्याला 'सस्टेनेबल' म्हणतात त्याला आपण 'शाश्वत' म्हणू लागलो. हा शब्द काही आम्हांला फारसा पटलेला नाही. शाश्वत म्हणजे कधीही न संपणारे, आणि कारखाना काही तसा नसतो. 'टिकाऊ' म्हणावे तर चप्पलही टिकाऊ असते. पुढच्या पेरणीसाठी बियाणे राखून उरलेले खाणारा शेतकरी जे करतो, ते या शब्दाच्या सर्वांत जवळ जाते. ब्रुंटलँड आयोगाने १९८७ साली व्याख्या केली तीही अशीच होती: आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याची शक्ती खर्ची न घालणे. व्यवहारात याचे तीन भाग करतात: आर्थिक, पर्यावरणीय आणि सामाजिक. शब्द रुळला आहे, तेव्हा आपणही तोच वापरू.

आता गणिताकडे. समजा, एका कारखान्याला मुखपट्टीसाठी लागणारे गाळण-कापड घ्यायचे आहे. दर्जाच्या चाचणीत जे नापास झाले ते आधीच वगळले. उरले तीन पुरवठादार: क, ख आणि ग. चार निकषांवर त्यांना दहापैकी गुण दिले. निकषांचा क्रम असा: किंमत (स्वस्त असेल तर गुण जास्त), वेळेवर पुरवठा, पर्यावरण, कामगारांची सुरक्षितता. हे आकडे काल्पनिक आहेत, पण अशा तक्त्यांत जसे येतात तसेच आहेत.

क : ९, ४, ४, ३
ख : ६, ७, ६, ७
ग : ३, ८, ९, ८

चारही निकष सारख्या महत्त्वाचे नसतात. म्हणून प्रत्येकाला भार द्यायचा, आणि भारांची बेरीज १ ठेवायची. साथीपूर्वी या कारखान्याने किंमतीला ०.६, पुरवठ्याला ०.२ आणि उरलेल्या दोहोंना ०.१ असे भार दिले होते असे धरू. मग क ची भारित सरासरी येते ५.४ + ०.८ + ०.४ + ०.३ = ६.९. याच रीतीने ख ची ६.३ आणि ग ची ५.१. ऑर्डर क ला मिळते.

महासाथ आली. आता मालाशिवाय कारखाना बंद पडतो, म्हणून पुरवठ्याचा भार ०.४. पुरवठादाराकडचे कामगार आजारी पडले तर त्याचाही कारखाना बंद, म्हणून त्यांच्या सुरक्षिततेचा भार ०.३. किंमत ०.२ आणि पर्यावरण पूर्वीप्रमाणे ०.१. पुन्हा हिशेब करा. क ला मिळतात ४.७, ख ला ६.७ आणि ग ला ७.१. क्रम पूर्ण उलटला! पुरवठादारांत काडीचाही बदल झालेला नाही. बदलले ते फक्त विचारणाऱ्याचे मन.

याचा अर्थ हे गणित निरुपयोगी आहे असा नव्हे. कोणत्या मतामुळे कोणती निवड झाली, ते या गणितामुळे उघड्यावर येते. एरवी ते खरेदी अधिकाऱ्याच्या डोक्यात राहते आणि 'अनुभवाने ठरवले' एवढेच कानावर येते.

पण भारित सरासरीत एक मोठी खोड आहे. समजा, घ नावाचा चौथा पुरवठादार आला. माल सर्वांत स्वस्त, एकही दिवस उशीर नाही, सांडपाणीही स्वच्छ. तिन्ही निकषांवर दहापैकी दहा. मात्र कामगारांच्या सुरक्षिततेला शून्य. महासाथीच्याच भारांनी त्याची सरासरी काढा: २ + ४ + १ + ० = ७.०. म्हणजे तो ख च्या पुढे जातो आणि ग च्या पाठीला जवळजवळ लागतो. एका विषयात शून्य मिळूनही विद्यार्थी वर्गात दुसरा यावा, तसे हे झाले. शाळेत आपण हे कसे टाळतो? प्रत्येक विषयात किमान गुणांची अट घालतो. कारखान्यालाही तसे करता येते.

दुसरा उपाय गणिताच्या दृष्टीने अधिक सुंदर आहे. बेरजेऐवजी गुणाकार करायचा. प्रत्येक गुणाचा त्याच्या भाराइतका घात घ्यायचा आणि सगळे गुणायचे. कोठेही शून्य असेल तर गुणाकार शून्य, आणि घ चा प्रश्न मिटला. वरिष्ठ विद्यार्थ्यांनी लॉगॅरिथमच्या कोष्टकाने हे करून पाहावे. क ला सुमारे ४.३, ख ला ६.६८ आणि ग ला ६.६५ येतील. बेरजेत ग पुढे होता, गुणाकारात ख केसभर पुढे आहे. ग ला किंमतीत मिळालेले ३ गुण बेरजेत झाकले गेले होते, गुणाकारात ते टोचू लागले. बेरीज म्हणते, एकीकडचे वैगुण्य दुसरीकडच्या गुणाने भरून निघते. गुणाकार म्हणतो, पूर्ण नाही.

घ हा आम्ही कल्पनेने उभा केलेला पुरवठादार. पण त्याच्याशी चांगलेच साम्य असलेली एक खरी हकिकत महासाथीच्या काळात घडली. ती रबरी हातमोज्यांची.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारे रोज हे हातमोजे वापरतो. खोक्यावर आकार, रंग आणि मुदत छापलेली असते. ते तयार कसे होतात हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. हाताच्या आकाराचे चिनी मातीचे साचे एका लांबलचक साखळीवर उलटे टांगलेले असतात. साचा आधी कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात बुडतो आणि मग रबराच्या चिकात. चिकातील रबराचे सूक्ष्म कण ऋण भारामुळे एकमेकांना दूर ढकलत तरंगत असतात. कॅल्शियमचे धन आयन हा भार मारतात, आणि कण एकमेकांना चिकटून साच्यावर त्यांचा पातळ पापुद्रा धरतो. लिंबू पिळल्यावर दूध फाटते, त्याच्याशी या क्रियेचे नाते आहे. मग गरम पाण्यात धुऊन विरघळणारी प्रथिने आणि क्षार काढायचे, भट्टीत गंधकाच्या साहाय्याने रबराच्या रेणूंचे दुवे पक्के करायचे आणि शेवटी मोजा उतरवायचा. झाडाच्या चिकाऐवजी खनिज तेलापासून केलेला नायट्राइलचा चीक वापरला तरी क्रिया साधारण अशीच असते. सगळी साखळी रात्रंदिवस चालते. भट्ट्या गार करून पुन्हा तापवणे परवडत नाही. उतरवणे, तपासणे, खोक्यात भरणे या कामांना अजूनही बरीच माणसे लागतात.

जगातील साठ टक्क्यांहून अधिक रबरी हातमोजे मलेशियात होत, आणि ती माणसे मुख्यतः नेपाळ, बांगलादेश अशा देशांतून आलेली होती. नोकरी मिळवण्यासाठी त्यांतल्या अनेकांनी गावाकडे दलालांना मोठ्या रकमा दिलेल्या असत, त्याही कर्ज काढून. कर्ज फिटेपर्यंत नोकरी सोडता येत नाही. कागदोपत्री माणूस स्वतंत्र, प्रत्यक्षात बांधलेला. आपल्याकडच्या ऊसतोडणीच्या उचलीची व्यवस्था ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याला एक जुना कायदा वापरता येतो. सक्तीच्या श्रमातून झालेला माल बंदरावरच अडवता येतो. या कायद्याखाली मलेशियातील डब्ल्यूआरपी या कंपनीचे हातमोजे सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस अडवले गेले. २४ मार्च २०२० रोजी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केल्यावर तेराव्या दिवशी, ही बंदी उठली. सक्तीचे श्रम आता थांबले आहेत असे कारण खात्याने दिले. तारखा शेजारीशेजारी आहेत एवढेच आम्ही नोंदवतो.

पण लगेच जुलै २०२० मध्ये त्याच खात्याने टॉप ग्लोव्ह या जगातील सर्वांत मोठ्या हातमोजे-कंपनीच्या दोन उपकंपन्यांचा माल अडवला. तेव्हा जगभर हातमोज्यांना सोन्याचा भाव आला होता. ऑगस्ट २०२० मध्ये संपलेल्या वर्षात या कंपनीचा नफा आदल्या वर्षाच्या सुमारे पाचपट झाला. म्हणजे किंमत, मागणी, नफा असे सगळे आकडे चढते होते. मग नोव्हेंबरमध्ये कामगारांच्या दाटीवाटीच्या वसतिगृहांतून साथ पसरली. दोन हजारांहून अधिक कामगार बाधित निघाले आणि मलेशिया सरकारने कंपनीचे २८ कारखाने टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. डिक्सनच्या यादीतला एकोणिसावा निकष आता दुसऱ्या निकषाच्या, म्हणजे वेळेवर पुरवठ्याच्या, मुळाशी जाऊन बसला होता.

मार्च २०२१ मध्ये अमेरिकेने कंपनीच्या मलेशियात होणाऱ्या सर्व हातमोज्यांवर बंदी घातली. सप्टेंबर २०२१ मध्ये ती उठली. तोवर कंपनीने कामगारांना त्यांच्या भरतीच्या खर्चापोटी ३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत केली होती आणि राहण्याची सोय सुधारली होती. हे घडायला महासाथ, बंदी आणि बंद कारखाने यांचा एकत्रित दाब लागला. त्याआधी गिऱ्हाईक कंपन्यांचे तपासनीस या उद्योगात येतच नव्हते असे नाही. पण ठरवून आलेल्या तपासनिसाला कारखाना ठरवून दाखवला जातो. शाळा तपासणीचा दिवस आठवावा.

या हकिकतीतून वरच्या तक्त्यातला एक दोष दिसतो. आम्ही पुरवठा आणि कामगारांची सुरक्षितता हे दोन स्वतंत्र निकष मानले होते. ते तसे नव्हते. एका खोलीत वीस माणसे झोपतात की चार, यावर दोन महिन्यांनी माल बंदरात येणार की नाही ते ठरत होते.

स्वतंत्र आहेत असे मानण्याची हीच चूक दुसऱ्या एका ठिकाणी फार महागात पडते. एकावर अवलंबून राहू नये म्हणून कारखानदार दोन पुरवठादार ठेवतो. समजा, प्रत्येक जण वर्षात अडण्याची शक्यता १० टक्के आहे. दोघांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोघेही अडण्याची शक्यता ०.१ × ०.१, म्हणजे १ टक्का. धोका एकदम दहा पटींनी कमी! पण समजा दोघेही एकाच जिल्ह्यात आहेत, आणि त्या १० टक्क्यांपैकी जवळजवळ ८ टक्के धोका सगळा जिल्हा बंद होण्याचा आहे. प्रत्येकाचा स्वतःचा वेगळा धोका केवळ २ टक्के. तर दोघेही अडण्याची शक्यता येते ०.०८ + ०.९२ × ०.०२ × ०.०२, म्हणजे साधारण ८ टक्के. दुसरा पुरवठादार ठेवून धोका दहावरून आठवर आला, बस्स. जिल्हे वेगळे असले तरी दोघेही नायट्राइलचा चीक एकाच रासायनिक कारखान्यातून घेत असतील, तर पुन्हा तेच. म्हणून पुरवठादाराचा पुरवठादार कोण, हे विचारावे लागते.

आपल्या जवळचे उदाहरण औषधांचे आहे. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने उभा राहिला आणि तेथे पेनिसिलिन होऊ लागले. पुढे खाजगी कारखानेही आले. पेनिसिलिन-जी हे नुसते एक औषध नाही. ॲमॉक्सिसिलिनसारखी आपल्याला पदोपदी लागणारी प्रतिजैविके त्याच्यापासून करतात. नंतर चीनमधून त्याहून स्वस्त माल येऊ लागला आणि देशातले उत्पादन बंद पडत गेले. प्रत्येक औषध-कंपनीने आपापल्या तक्त्यात किंमतीला मोठा भार दिला, आणि प्रत्येकीचे आपापल्या परीने बरोबरच होते. सगळ्यांची बेरीज मात्र अशी झाली की गोळ्या करणारे शेकडो, आणि त्यांच्या मुळाशी एक देश. २०२० च्या आरंभी चीनमधील कारखाने बंद पडले, तेव्हा ३ मार्च रोजी भारत सरकारने पॅरासिटॅमॉलसह २६ औषधद्रव्ये आणि औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. ज्या देशांनी भारताला आपला पुरवठादार निवडले होते, त्यांना त्या दिवशी कळले की आपल्या पुरवठादाराचा पुरवठादार कोण. एप्रिलमध्ये बहुतेक निर्बंध उठले. त्याआधी मार्चमध्येच केंद्राने ५३ मूळ औषधद्रव्यांच्या देशी उत्पादनासाठी ६,९४० कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती. तिच्यातून आंध्र प्रदेशात काकिनाड्याजवळ पेनिसिलिन-जी चा मोठा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. मधली वर्षे आपण स्वस्त माल घेतला, त्याची किंमत कोणत्याच तक्त्यात लिहिलेली नव्हती.

पर्यावरणाच्या निकषाविषयी थोडक्यात. तो सर्वांत लवकर सोडून दिला गेला, आणि त्याला कारणही होते. घाईच्या वेळी माल जहाजाऐवजी विमानाने आणावा लागला. ढोबळ मानाने एक टन माल एक किलोमीटर नेताना मोठे मालवाहू जहाज १० ते २० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते आणि विमान ५०० ग्रॅमहून अधिक. माणसे मरत असताना हा हिशेब कोणी करावा असे आम्हीही म्हणणार नाही. जवळचा पुरवठादार असता, तर तो करण्याची वेळच आली नसती.

आता भार ठरवायचे कसे, हा प्रश्न उरला. ०.४ आणि ०.३ हे आकडे आम्ही हवेतून काढले होते. इराकमधील मोसुल येथे जन्मलेले अमेरिकी गणिती टॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात यासाठी एक पद्धत मांडली. ती इंग्रजी आद्याक्षरांनी 'एएचपी' म्हणून ओळखली जाते. माणसाला दहा गोष्टींना एकदम आकडे देणे जमत नाही, पण दोन गोष्टींची तुलना जमते. म्हणून निकष जोडीजोडीने घ्यायचे आणि 'हा त्याच्यापेक्षा किती पट महत्त्वाचा' हे १ ते ९ या आकड्यांत सांगायचे. समजा खरेदी अधिकारी म्हणाला: पुरवठा हा कामगार-सुरक्षिततेच्या दुप्पट महत्त्वाचा, सुरक्षितता किंमतीच्या तिप्पट, आणि पुरवठा किंमतीच्या चौपट. थांबा! दोन गुणिले तीन सहा, मग चौपट कसे? माणसाचे मन असेच असते. पद्धतीची खुबी ही की ती या विसंगतीवर रागावत नाही, ती मोजते. प्रत्येक निकषाच्या तीन आकड्यांचा गुणाकार करून घनमूळ काढा. पुरवठ्याचे १ × २ × ४ = ८, घनमूळ २. सुरक्षिततेचे ½ × १ × ३ = १.५, घनमूळ १.१४. किंमतीचे ¼ × ⅓ × १ = ०.०८३, घनमूळ ०.४४. या तिघांची बेरीज १ होईल असे प्रमाण काढले, की भार मिळतात ०.५६, ०.३२ आणि ०.१२. विसंगती साटींच्या मापाने दीड टक्क्याच्या आसपास येते. दहा टक्क्यांपर्यंत ती चालते, त्यापुढे गेली तर अधिकाऱ्याला पुन्हा विचार करायला सांगायचे.

निकष वाढले की जोड्या भराभर वाढतात. डिक्सनचे २३ निकष घेतले तर २५३ तुलना कराव्या लागतील. एवढ्या तुलना शांतपणे करायला महासाथीत कोणाला वेळ? नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील जाफर रेझाई यांनी २०१५ साली सुटसुटीत रीत दिली. सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी महत्त्वाचा असे दोनच निकष निवडायचे आणि बाकीच्यांची तुलना फक्त त्यांच्याशी करायची. २३ निकषांना मग ४३ तुलना पुरतात. महासाथीच्या काळातील पुरवठादार-निवडीवर जे शोधनिबंध आले, त्यांतल्या बऱ्याच निबंधांत ही किंवा साटींची पद्धत दिसते. आमचे मत विचाराल तर त्यांतले काही निबंध पद्धतीच्या नक्षीकामात फार रमतात. आकडे कोणाला विचारून घेतले, हे एका ओळीत उरकलेले असते. बहुतेक वेळा ते व्यवस्थापकांना विचारलेले असतात. साच्यावरून मोजे उतरवणाऱ्याला विचारले असते, तर भार वेगळे आले असते.

आणखी एक बाजू या तक्त्यांत येतच नाही. निवड दुतर्फा असते. मार्च-एप्रिल २०२० मध्ये युरोप-अमेरिकेतील कपड्यांच्या कंपन्यांनी बांगलादेशातील कारखान्यांच्या सुमारे ३ अब्ज डॉलरच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा लांबणीवर टाकल्या, असे तेथील कारखानदारांच्या संघटनेने जाहीर केले होते. यांतल्या कित्येक कंपन्या आपल्या पुरवठादारांकडून शाश्वततेची प्रमाणपत्रे मागत असत. आपल्याकडे लहान उद्योगाच्या मालाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. चाकण किंवा वाळूजच्या कोणत्याही लहान कारखानदाराला विचारा, पैसे किती दिवसांनी मिळतात. ज्याचे पैसे सहा महिने अडकले आहेत, त्याने सांडपाण्याचे यंत्र कशातून बसवायचे? सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातील सर्वांत मोठ्या हजार कंपन्यांना पर्यावरण आणि कामगार यांविषयीचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला आहे. शिक्षकांनी आपल्या भागातील एखाद्या कंपनीचा असा अहवाल मिळवून वर्गात जरूर वाचावा. कंपनी आपल्या पुरवठादारांविषयी काय सांगते आणि कोठे गप्प राहते, हे नववी-दहावीची मुले बरोबर ओळखतात.

वर्गात करायला एक आलेखही देतो. वरच्या तक्त्यात किंमतीचा भार प धरा. उरलेला भार (१ − प) पुरवठा, पर्यावरण आणि कामगार यांत २ : १ : १ असा वाटा. मग क ची सरासरी ९प + ३.७५(१ − प), ख ची ६प + ६.७५(१ − प) आणि ग ची ३प + ८.२५(१ − प) येते. आलेख कागदावर या तीन सरळ रेषा काढा. प हा अर्ध्यापेक्षा अधिक असेल तर क वर असतो, एक-तृतीयांश ते अर्धा यांमध्ये ख, आणि एक-तृतीयांशाच्या खाली ग. छेदनबिंदू मुलांना समीकरणाने काढू द्या. मग त्याच कागदावर घ ची रेषा काढायला सांगा: १०प + ७.५(१ − प). किंमतीचा भार जवळजवळ एक-दशांशापर्यंत खाली आणला तरी ती बाकी तिन्ही रेषांच्या वरच राहते.